पटावरील नाव आणि बाकावरील विद्यार्थी

महाविद्यालयीन वर्षाचा आरंभ आपल्याकडे मोठ्या गजबजाटाने होतो. जून-जुलैच्या पावसात प्रवेशाच्या खिडकीपुढे रांगा लागतात, गुणवत्तायाद्या फलकावर चढतात, तहसील कचेरीतून आणलेले उत्पन्नाचे, जातीचे आणि शाळा सोडल्याचे दाखले कारकुनाच्या मेजावर चळतींनी साचतात, आणि आपल्या मुलाचे अथवा मुलीचे नाव एकदाचे पटावर चढले या समाधानात कितीतरी आईबाप संध्याकाळच्या एस.टी.ने गावी परततात. या आरंभाशी सर्वांचाच परिचय असतो. परंतु दिवाळीची सुटी संपवून अध्यापक पुन्हा वर्गात शिरतो तेव्हा ज्या खोलीत श्रावणात दाटीवाटीने बसावे लागत होते तेथे मागचे चार-पाच बाक मोकळे पडलेले असतात, आणि त्या बाकांवर कोण बसत असे हे खात्रीने सांगू शकेल असा मनुष्य संस्थेत बहुधा आढळत नाही. प्रस्तुत पुस्तकाचा विषय हे मोकळे बाक आणि त्यांच्यासंबंधीचे अध्यापकाचे दायित्व हा आहे.

शिक्षण सोडणाऱ्या विद्यार्थ्याची नोंद दप्तरात कोठे होते, हा प्रश्न वरवर कारकुनी स्वरूपाचा भासला तरी साऱ्या विषयाची किल्ली त्यात आहे. हा विद्यार्थी कोणताही अर्ज करीत नाही, कारण सोडतो आहोत असे त्याने स्वतःशीही ठरविलेले नसते. तो दाखला परत नेत नाही, कारण पुढच्या महिन्यात येऊ अशी त्याची प्रामाणिक समजूत असते. त्याचे नाव पटावर राहते, नावापुढे गैरहजेरीच्या खुणा वाढत जातात, परीक्षेचा फॉर्म भरण्याची मुदत टळते, विलंबशुल्काची मुदतही टळते, आणि निकालपत्रकात त्याचा निर्देश होण्याचे काहीच कारण उरत नाही. निकालाची टक्केवारी आपण परीक्षेस बसलेल्यांवर काढतो. एखाद्या वर्गात १०० जणांनी प्रवेश घेतला, ६० परीक्षेस बसले आणि ५४ उत्तीर्ण झाले, तर त्या वर्गाचा निकाल ९० टक्के लागतो, प्राचार्य वार्षिक अहवालात त्याचा साभिमान उल्लेख करतात, आणि उरलेल्या ४० जणांविषयी कोणी खोटे बोललेले नसते, एवढेच. अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणाने २०२१-२२ या वर्षासाठी १८ ते २३ वयोगटाच्या नोंदणीचे स्थूल प्रमाण २८.४ असे दिले आहे. हा आकडाही पटावरील नावांचाच आहे. बाकावरील उपस्थितीचा हिशेब त्यातून निघत नाही.

याचा अर्थ असा नव्हे की महाराष्ट्रात या प्रश्नाची जाण कोणास नव्हती. किंबहुना आपल्या प्रांतातील शिक्षणप्रसाराचा इतिहास बारकाईने पाहिला, तर ज्यांनी खरोखर नव्या समाजांना उच्च शिक्षणापर्यंत आणले त्यांनी प्रवेशापेक्षा टिकून राहण्याचाच विचार अधिक केला, असे आढळून येते. शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उघडले आणि त्यामागोमाग निरनिराळ्या जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृहांची मालिकाच उभी केली, ती शाळा-महाविद्यालयांची दारे उघडी असूनही खेड्यातल्या मुलास शहरात रात्री पाठ टेकावयास जागा नाही, हे त्यांनी ओळखले म्हणून. त्याच कोल्हापुरात विद्यार्थिदशेचा काळ घालविलेल्या भाऊराव पाटलांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाडजवळच्या काले या गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली, आणि १९२४ साली ते साताऱ्यास वसतिगृह चालवू लागले. त्या वसतिगृहातील मुलांच्या तोंडी घास पडावा म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने उतरून दिले, हे महाराष्ट्रास ठाऊक आहे. १९४७ साली साताऱ्यास छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले तेव्हा विद्यार्थ्याने स्वतःच्या श्रमाने शिकावे, ही वसतिगृहातली रीत महाविद्यालयापर्यंत पोचली. आणि आज विद्यापीठांतून ‘कमवा आणि शिका’ या नावाने जी योजना चालते तिचे मूळ त्या साताऱ्याच्या शेतात व विहिरींवर आहे.

डॉ. आंबेडकरांची दृष्टीही याच दिशेची होती. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ साली, म्हणजे ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना, सुरू झाली. १९४५ साली त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० साली औरंगाबादेस मिलिंद महाविद्यालय सुरू झाले. मिलिंदचे उदाहरण मला विशेष विचार करावयास लावणारे वाटते. निजामी अमदानीत माध्यमिक शिक्षणाचे माध्यम उर्दू, घरातली बोली मराठी, आणि महाविद्यालयातली पाठ्यपुस्तके इंग्रजी, अशा तिहेरी पेचातून मराठवाड्याचा तो तरुण वाट काढीत होता. त्याच्या घराण्यात मॅट्रिकची पायरी चढलेला दुसरा कोणी नव्हता. आणि तरीही त्या आवारातून पुढे प्राध्यापक, वकील, साहित्यिक यांची एक पिढीच्या पिढी बाहेर पडली. हे केवळ इमारतीच्या बळावर घडत नसते. वसतिगृह, भोजन, ग्रंथालय आणि अध्यापक हे सारे एका आवारात, हाकेच्या अंतरावर होते, हे त्याचे मोठे कारण असावे असे मला वाटते. पुण्यात १९५५ साली अच्युतराव आपटे यांनी विद्यार्थी सहायक समितीच्या रूपाने जे काम आरंभिले, त्याचाही गाभा ग्रामीण विद्यार्थ्याला शहरात निवारा, अन्न आणि वडीलधारी देखरेख मिळवून देणे हाच होता.

या थोर मंडळींनी भाकरीचा आणि छपराचा प्रश्न हाती घेतला. वर्गातल्या तासाचा प्रश्न त्यांनी अध्यापकांवर सोपविला, आणि स्पष्टच बोलावयाचे तर आपण अध्यापकांनी तो पुरता हाती घेतला नाही. विद्यार्थी गळाला की गरिबी, लग्न, शेती, मोबाइल, आणि अलीकडे शिकवणीवर्ग अशी कारणांची यादी आपल्या ओठांवर तयार असते. त्या यादीत ‘माझा तास’ हे कारण सहसा नसते.

ती कारणे खोटी आहेत असे माझे म्हणणे नाही. ती कोणत्या दिवसांत एकवटतात, हे मात्र पाहण्याजोगे आहे. सत्रपद्धती आल्यापासून पहिल्या सत्राची परीक्षा ऑक्टोबर-नोव्हेंबरात येते. त्याच सुमारास विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीन काढणीला आलेले असते, कापसाची वेचणी लागलेली असते आणि मजुराचे दर परवडत नाहीत म्हणून घरातला शिकणारा हात शेतात लागतो. दसऱ्यानंतर बीडकडील ऊसतोड कामगारांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. मागे राहिलेल्या मुलीवर म्हातारी आजी, धाकटी भावंडे आणि गुरे यांचा भार पडतो, किंवा तिला बरोबरच नेले जाते. शिष्यवृत्तीचा अर्ज संकेतस्थळावर भरलेला असतो, पण एखादा दाखला त्रुटीत निघून तो परत आलेला असतो, आणि मंजूर झालेली रक्कमही खात्यावर पडेपर्यंत खोलीचे भाडे व मेसचे पैसे थांबत नाहीत. २०२४-२५ पासून राज्य सरकारने ठरावीक उत्पन्नमर्यादेतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शुल्क पूर्ण माफ केले, ही गोष्ट निःसंशय स्वागतार्ह आहे. परंतु तालुक्याच्या गावी खोली करून राहण्याचा खर्च त्या माफीत येत नाही, आणि सकाळची एकच गाडी चुकली तर पहिले दोन तास बुडतात हेही त्याने बदलत नाही. म्हणजे वर्षाच्या ज्या पंधरवड्यात विद्यार्थ्याला सर्वांत जास्त आधार हवा, त्याच पंधरवड्यात घर, शेत, कचेरी आणि परीक्षा या चौघांची मागणी एकदम त्याच्या दारी उभी राहते. यांतले एकही संकट अध्यापकाच्या हातून टळण्यासारखे नाही. विद्यार्थी त्या पंधरवड्यात शिरताना अभ्यासात पुरेसा स्थिरावलेला असावा, आणि अडले तर कोणाकडे जावे हे त्यास माहीत असावे, एवढे मात्र अध्यापकाच्या हाती निश्चित आहे. जुलै ते सप्टेंबर हे तीन महिने म्हणूनच या पुस्तकाला सर्वांत महत्त्वाचे वाटतात.

या विषयाचा शास्त्रीय अभ्यास अमेरिकेत पुष्कळ झाला आहे. व्हिन्सेंट टिंटो यांनी १९७५ साली मांडलेली उपपत्ती सर्वत्र उद्धृत केली जाते: महाविद्यालयाच्या बौद्धिक जीवनाशी आणि तेथल्या सहवासाशी विद्यार्थ्याचे सूत जुळले तर तो टिकतो, न जुळले तर निघून जातो. सिद्धान्त म्हणून ती मान्य करावयास हरकत नाही. पण तिच्यामागे निवासी महाविद्यालयाचे चित्र आहे, आणि आपला विद्यार्थी दुपारी दीडच्या गाडीने परतणारा असतो. त्याचा सहवास जो काय घडावयाचा तो तासाच्या पंचेचाळीस-पन्नास मिनिटांतच.

याहून मला अधिक उद्बोधक वाटते ते बर्कले येथील गणिताचे अध्यापक युरी ट्रिसमन यांचे कार्य. १९७० नंतरच्या दशकात त्यांच्या विद्यापीठात कृष्णवर्णीय विद्यार्थी प्रथम वर्षाच्या कलनशास्त्रात मोठ्या प्रमाणावर नापास होत असत. त्यांना गोडी नाही, पूर्वतयारी कच्ची आहे, घरून उत्तेजन नाही, अशी कारणे तेथल्या अध्यापकवर्गाने आपल्याइतक्याच तत्परतेने सांगितली. ट्रिसमन यांनी अनुमानांवर विसंबून न राहता विद्यार्थी प्रत्यक्ष अभ्यास कसा करतात हे त्यांच्या खोल्यांत जाऊन पाहिले, तेव्हा ही सारी कारणे लंगडी ठरली. ते विद्यार्थी कष्टाळू होते. केवळ एकेकटे बसून अभ्यास करीत होते. याच विषयात चांगले यश मिळविणारे चिनी वंशाचे विद्यार्थी आधी स्वतंत्रपणे उदाहरणे सोडवीत आणि नंतर एकत्र जमून एकमेकांची उत्तरे तपासत, चुका काढीत, आणि परीक्षेत काय येते, प्राध्यापक काय अपेक्षितात याची माहितीही त्या बैठकांत देत-घेत. यावर ट्रिसमन यांनी जो उपाय योजिला त्याची दिशा आपल्या नेहमीच्या वाटेच्या अगदी उलट आहे. ‘कच्च्यांचा वर्ग’ न काढता त्यांनी विद्यार्थ्यांना मानाचे निमंत्रण देऊन गटात बसविले आणि नेहमीच्या वर्गाहून कठीण उदाहरणे त्यांच्यापुढे ठेवली. त्या गटांतील विद्यार्थ्यांचा निकाल लक्षणीय सुधारला.

आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या योजनेतून कित्येक वर्षे उपचारात्मक वर्ग चालले, आणि ज्यांनी ते जवळून पाहिले त्यांना ठाऊक आहे की फलकावर लागलेल्या त्या यादीत आपले नाव मित्रांच्या दृष्टीस पडू नये म्हणून कित्येक मुले त्या वर्गाच्या दारावरूनही जात नसत. उद्देश निर्मळ होता. परंतु दुर्बलतेचा शिक्का मारून दिलेली मदत तरुण मनाला मदत वाटत नाही. त्यापेक्षा शंभर-सव्वाशेच्या तुकडीत पाच-पाच जणांचे गट पाडून, आठवड्यातून एकदा, अवघड पण सुटण्याजोगा एकच प्रश्न प्रत्येक गटापुढे ठेवणे आणि शेवटी कोणत्याही एकास उभे करून गटाचे उत्तर मांडावयास सांगणे यास ना अनुदान लागते, ना परिपत्रक. सोमवारी ज्याच्याशिवाय गटाचे काम अडते, तो सोमवारी आला नाही तर त्याची विचारपूस निदान चौघेजण करतात.

भाषेच्या अडचणीविषयी या पुस्तकात स्वतंत्र प्रकरण आहे, म्हणून येथे थोडक्यात आटोपतो. दहावीपर्यंत मराठीतून विज्ञान शिकलेला विद्यार्थी अकरावीला इंग्रजी पुस्तके उघडतो आणि बी.एस्सी.पर्यंत येता येता त्याने उत्तरे पाठ करण्याची एक कला कमावलेली असते, जी त्याला गुण देते पण तासाला तोंड उघडू देत नाही. अशा विद्यार्थ्याला शंका मराठीत विचारण्याची, कच्चे उत्तर मराठीत लिहून मग इंग्रजीत उतरविण्याची मोकळीक पहिल्या सत्रात द्यावी, असे त्या प्रकरणाच्या लेखिकेने सुचविले आहे. पुष्कळ सहकारी यावर नाक मुरडतील. मला ती सूचना केवळ मान्यच नव्हे तर तातडीची वाटते.

पहिल्या चाचणीबद्दलही तसेच. आपल्याकडे विद्यार्थ्याच्या हातात त्याच्या कामाचा पहिला निर्णय बहुधा सत्र संपल्यावर येतो. तोपर्यंत आपण कोठे उभे आहोत याचा त्यास पत्ता नसतो, आणि निकाल लागतो तेव्हा ए.टी.के.टी. घेऊन पुढे सरकावयाचे की वर्ष गमवावयाचे, एवढाच विचार शिल्लक असतो. अभियांत्रिकीची मुले ज्यास ‘वाय.डी.’ म्हणतात त्या अवस्थेत एकदा गेलेला मुलगा परत वर्गात येताना गॅपचे प्रतिज्ञापत्र बरोबर आणतो आणि शरमही. तिसऱ्या आठवड्यात दहा गुणांची एक लहान चाचणी घ्यावी, चार दिवसांच्या आत ती तपासून परत करावी, आणि प्रत्येक पेपरवर ‘असमाधानकारक’ या शेऱ्याऐवजी पुढे काय करावे याची एक ओळ लिहावी, तर सत्राचा बहुतेक काळ अद्याप हाती असतानाच सुधारणेस वाव राहतो. ज्यांना शून्य मिळाले त्यांच्याहून, ज्यांनी चाचणीच दिली नाही त्यांची यादी अधिक जपून ठेवावी.

हजेरीपटाचा येथे ओघानेच संबंध येतो. ७५ टक्के उपस्थितीचा नियम सर्वपरिचित आहे आणि त्याचा उपयोगही ठरून गेला आहे: सत्राच्या शेवटी काळी यादी लावणे, पालकांना घेऊन येण्याचे फर्मान काढणे, दंड किंवा हमीपत्र घेऊन प्रकरण मिटविणे. पालक उसाच्या फडावर कोपीत राहत असताना हे फर्मान कोणी पाळावयाचे, याचा विचार ते काढणाऱ्याने केलेला नसतो. वस्तुतः हजेरीपट हा अध्यापकाजवळचा सर्वांत स्वस्त व सर्वांत लवकर बोलणारा दस्तऐवज आहे. सलग तीन तास गैरहजर राहिलेल्या विद्यार्थ्याला चौथ्या दिवशी एक फोन गेला, आणि त्या फोनवर जाब न विचारता ‘बरा आहेस ना?’ एवढेच विचारले गेले, तरी त्याला कळते की आपली अनुपस्थिती कोणाच्या तरी ध्यानात आली. सोडून जाणे सोपे असते ते कोणी पाहत नाही म्हणून. पाहणारा एक मनुष्य असला की निदान ते बोलून करावे लागते. आणि बोलण्यातून पुष्कळ वेळा असे निष्पन्न होते की अडचण नऊशे रुपयांची होती, किंवा प्रात्यक्षिकाच्या जर्नलवर सही मिळत नव्हती एवढीच होती.

आता शिक्षक-पालक योजना, म्हणजे हल्लीच्या भाषेत ‘मेंटॉर-मेंटी’, हिच्यासंबंधी. नॅकच्या मूल्यांकनात तिची विचारणा होऊ लागल्यापासून प्रत्येक महाविद्यालयात तिची फाईल आहे, आणि त्या फायलींतील विद्यार्थी पाहिले तर ते सारे सुदृढ, समाधानी व प्रगतिपथावर आहेत. साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात असताना छात्रालयातील मुलांसाठी स्वहस्ते ‘छात्रालय दैनिक’ लिहीत असत; मुलांवर माया करण्याचा पुरावा मात्र त्यांनी कोणापुढे सादर केल्याचे ऐकिवात नाही. अर्थात गुरुजींचे नाव घेऊन आजच्या अध्यापकाला लाजविणे हाही एक अन्यायच होईल. कारण प्रथम वर्षाचे पुष्कळसे तास आज जे घेतात ते तासिका तत्त्वावर नेमलेले तरुण आहेत. त्यांना मोबदला तासाचा मिळतो, तोही वेळेवर मिळेल याची शाश्वती नसते, आणि दुपारी दुसऱ्या महाविद्यालयात पोचावयाचे म्हणून घंटा होताच त्यांना दुचाकीला किल्ली लावावी लागते. ज्याला स्वतःच पुढच्या जूनमध्ये येथे असू की नाही हे माहीत नाही, त्याच्यावर विद्यार्थ्यांना टिकवून धरण्याचे काम सोपविणे हा कारभारातला विनोद आहे. रिक्त पदे भरली गेली पाहिजेत ही मागणी म्हणूनच या पुस्तकाच्या विषयाबाहेरची नाही. ती पुरी होईतोपर्यंत निदान एक गोष्ट प्राचार्यांच्या हातातली आहे: वेळापत्रक. प्रथम वर्ष नवख्यांकडे आणि पदव्युत्तर वर्ग ज्येष्ठांकडे, ही आपली जुनी वाटणी आहे. ज्येष्ठ अध्यापकांनी आठवड्यातले निदान चार तास प्रथम वर्षाला द्यावेत, असे मला आग्रहाने सुचवावेसे वाटते. ज्या तुकडीतून सर्वांत जास्त मुले निघून जातात तेथे सर्वांत अनुभवी माणूस उभा असावा, यात तर्काला विसंगत असे काही नाही.

यावर दोन आक्षेप हमखास येतात. पहिला असा की महाविद्यालय म्हणजे शाळा नव्हे. अठरा वर्षांच्या माणसाचे बोट धरून त्यास चालविण्यात त्याचाच अपमान आहे. हा आक्षेप बहुधा ज्यांच्या घरात दोन पिढ्या पदवीधर आहेत अशांकडून येतो. त्यांचे बोट कोणी धरले नाही असे त्यांना वाटते, कारण ते काम घरीच, जेवणाच्या पाटावर, नकळत होऊन गेले: कोणता विषय घ्यावा, परीक्षेचा फॉर्म केव्हा सुटतो, प्राध्यापकांना शंका कशी विचारावी. घराण्यात पहिल्याने शिकणाऱ्याला हे ज्ञान वर्गातच मिळाले पाहिजे. ते उघड सांगण्यात अपमान कसला? दुसरा आक्षेप दर्जाचा. टिकविण्याच्या नादात गुण वाटले जातील, ही भीती निराधार नाही. अंतर्गत मूल्यमापनाचे गुण कसे दिले जातात हे सर्वजण जाणतात. परंतु फुकट मिळालेल्या गुणांनी विद्यार्थी वर्गात टिकत नाही, तो फक्त पटावर टिकतो, आणि आपण जेथून आरंभ केला त्याच खोट्या हिशेबात आणखी एका रकान्याची भर पडते.

या संग्रहातील लेख निरनिराळ्या जिल्ह्यांतील अध्यापकांनी आपापल्या वर्गाच्या अनुभवावरून लिहिले असल्याने त्यांत एकवाक्यता नाही, आणि ती असावी असा माझा आग्रहही नाही. एका मुद्द्यावर मात्र माझा मतभेद येथे नोंदविणे अगत्याचे आहे. शेवटच्या लेखात असा सूर आहे की विद्यार्थी महाविद्यालय सोडून निघाला म्हणजे अध्यापक हरला. मला तसे वाटत नाही. वडील वारल्यावर दुकान हाती घेणारा, पोलीस भरतीत निवड झालेला, किंवा विज्ञान आपले नव्हे हे उमगून दुसरीकडे वळणारा विद्यार्थी योग्य कारणानेही जाऊ शकतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका घेऊन थांबण्याची आणि श्रेयांक साठवून पुढे परतण्याची वाट कागदावर मोकळी केली आहे. ती वाट स्वेच्छेची आहे की ढकलून दिलेली, हे ओळखणे अध्यापकाचे काम. आणि जाणाऱ्याने जाताना मुलाखतीपुरते का होईना आपल्यापुढे बसावे, त्याची गुणपत्रके, दाखला, श्रेयांकांचे खाते ही कागदपत्रे नीट त्याच्या हाती पडावीत, १९८९ साली स्थापन झालेल्या नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचे अभ्यासकेंद्र त्याच्या तालुक्यात कोठे आहे आणि तेथील प्रवेशाची मुदत केव्हा संपते, हे त्याला एका चिठ्ठीवर लिहून द्यावे, आणि त्या चिठ्ठीखाली अध्यापकाने आपला दूरध्वनी क्रमांक घालावा.